निरोप गाळून उरलेले देवदूत

मराठीत सध्या सर्वांत स्वस्त झालेल्या शब्दांची यादी केली, तर 'देवदूत' हा शब्द तीत वरच्या क्रमांकावर येईल. विहिरीत पडलेल्याला दोर टाकणारा देवदूत, रक्त देणारा देवदूत, फलाटावरून घसरलेल्या प्रवाशाला ओढून घेणारा शिपाई देवदूत. वृत्तपत्राच्या मथळ्यात तो नेहमी 'धावून' येतो आणि बहुधा 'जणू' या अव्ययाचा हात धरून येतो. दुसरीकडे आपल्या वाङ्मयाच्या वर्गात हाच शब्द निघाला की अध्यापक एका ओळीची टीप देतात : ख्रिस्ती पुराणकथांतील पंखधारी स्वर्गीय जीव, आपल्याकडील गंधर्वांसारखे. विद्यार्थी ती टीप उतरवून घेतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. मथळेवाल्याने शब्दातला देव खर्चून टाकलेला असतो आणि टीपकाराने दूत. मग शब्दात उरते काय?

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा असता तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ज्या भाषेत चारशे वर्षांपासून ख्रिस्ती साहित्य लिहिले जात आहे, त्या भाषेच्या समीक्षेला त्या साहित्याच्या मूळ श्रद्धेविषयी किमान कुतूहलही असू नये, ही वाङ्मयीन अनास्था आहे. आणि या अनास्थेची किंमत वर्गात बसलेला ख्रिस्ती विद्यार्थी मोजतो. खानदेशात असा विद्यार्थी दुर्मीळ नाही. भुसावळ तर १८६०च्या दशकात लोहमार्ग आल्यानंतर वाढलेले गाव. रेल्वेच्या नोकरीने तेथे कॅथलिक कुटुंबे आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अलायन्स मिशनच्या कामातून खानदेश-वऱ्हाडात मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या उभ्या राहिल्या. पश्चिमेस नवापूर-नंदुरबारकडे आदिवासी ख्रिस्ती समाज आहे. या घरांतून येणारा मुलगा मराठीच्या तासाला बसतो, तेव्हा त्याच्या आजीच्या प्रार्थनेतला शब्द त्याला 'पुराणकथेतील अलंकार' म्हणून परत मिळतो. त्या आजीची श्रद्धा आपण मान्य करावी असे कोणी म्हणत नाही. ती काय आहे एवढे तरी ठाऊक करून घ्यावे, इतकीच मागणी आहे.

प्रथम वर्गाचेच पाहू. आपल्या विद्यापीठीय वाचनात देवदूत येतात ते मिल्टनच्या महाकाव्यातून, रिल्केच्या दुइनो विलापिकांतून आणि मार्केझच्या त्या कथेतून, जिच्यात प्रचंड पंखांच्या एका जराजर्जर म्हाताऱ्याला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडले जाते. तिन्ही थोर कृती आहेत. पण त्यांच्या आधारे ख्रिस्ती श्रद्धेविषयी विधाने करणे म्हणजे 'मेघदूत' वाचून हवामानशास्त्र सांगण्यासारखे आहे. खुद्द रिल्केने आपल्या पोलिश अनुवादकाला १९२५ साली लिहिलेल्या पत्रात बजावले होते की, विलापिकांतल्या देवदूताचा ख्रिस्ती स्वर्गातल्या देवदूताशी काही संबंध नाही. कवीने स्वतः तोडलेला संबंध आपले समीक्षक मात्र इमानेइतबारे जोडत राहतात.

आणि मराठीतला देवदूत? त्यासाठी युरोपात जायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातल्या किती ओव्या आपण शिकवतो? मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या चार-दोन. त्या ओव्या सुंदर आहेत आणि आपल्या भाषाभिमानाला सुखावणाऱ्याही आहेत. परंतु कोणी ग्रंथकार अकरा हजार ओव्या लिहितो त्या भाषेला प्रमाणपत्र द्यायला नव्हे. पहिल्या पुराणाच्या आरंभी देवदूतांची निर्मिती आणि त्यांच्यापैकी काहींचे बंड येते; दुसऱ्या पुराणात गब्रीएल नाझरेथच्या कुमारिकेकडे येतो. ही प्रकरणे ग्रंथाच्या रचनेचे खांब आहेत. आपण खांब सोडून तोरणाचे कौतुक केले, आणि त्यालाच स्टीफन्सचा अभ्यास म्हटले.

आता श्रद्धेकडे वळू. हिब्रूतला 'मलाख' आणि ग्रीकमधला 'अँगेलोस' या दोन्ही शब्दांचा साधा अर्थ निरोप्या. संत ऑगस्टीन यांनी हा मुद्दा नेमका मांडला : हे नाव त्या जीवाच्या कामाचे आहे, त्याच्या स्वरूपाचे नव्हे. स्वरूपाने तो आत्मा. पाठवला जातो म्हणून दूत. मराठी अनुवादकांनी 'देवदूत' हा शब्द निवडला तेव्हा त्यांनी अचूक निवड केली होती, कारण 'दूत' या शब्दात पाठवणारा आणि ज्याच्याकडे पाठवले तो, असे दोघेही गृहीत असतात. आपणच पुढे त्या शब्दातले पाठवणे विसरलो आणि पंख तेवढे लक्षात ठेवले.

पंखांचेही पाहा. बायबलमध्ये यशयाला दिसलेल्या सेराफीमांना सहा पंख आहेत, यहेज्केलाने पाहिलेल्या करूबांना पंख आणि चार-चार मुखे आहेत. परंतु माम्रेच्या एला झाडांपाशी अब्राहामाकडे आलेले तिघे साध्या वाटसरूंसारखे येतात, पाय धुतात, जेवतात. रोममधील प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातले जे चित्र देवदूताचे सर्वांत जुने उपलब्ध चित्र मानले जाते, त्यातल्या देवदूतालाही पंख नाहीत. ख्रिस्ती कलेत ते चौथ्या शतकाच्या अखेरीस रुळू लागले. आणि गुबगुबीत गालांची, पंख फुटलेली जी बाळे आपण शुभेच्छापत्रांवर पाहतो, ती प्रबोधनकाळातील युरोपीय चित्रकारांनी रोमन कामदेवाच्या बालमूर्तींवरून घेतली. राफाएलच्या १५१२च्या सुमाराच्या चित्रात तळाशी कोपर टेकून बसलेली दोन बाळे त्यातली सर्वांत प्रसिद्ध. म्हणजे आपण ज्याला ख्रिस्ती देवदूत समजतो, तो बराचसा मदनाचा धाकटा भाऊ आहे.

श्रद्धेतला देवदूत गोंडस नाही. तो दिसला की माणसे घाबरतात. म्हणून त्याचे पहिले वाक्य बहुधा 'भिऊ नको' असते. तो निर्माण केलेला जीव आहे, देव नव्हे. १२१५च्या लॅटरन परिषदेने दृश्य आणि अदृश्य अशा दोन्ही सृष्टींचा कर्ता एकच ईश्वर असल्याचे सांगून हे स्थान निश्चित केले. तो मेलेल्या माणसाचा आत्माही नव्हे. बाळ दगावले की 'ते आता देवदूत झाले' असे सांत्वन अनेकदा केले जाते, ख्रिस्ती घरांतही. भावना समजण्यासारखी आहे, पण सिद्धान्त तसा नाही. पुनरुत्थानानंतर माणसे देवदूतां'सारखी' होतील असे येशू म्हणतो, देवदूत होतील असे म्हणत नाही. ख्रिस्ती आशा माणसाने माणूसच राहून, देहासह, पुन्हा उठण्याची आहे. देवदूत होणे ही त्या दृष्टीने बढती ठरत नाही.

आणि त्याला पूजा चालत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात योहान दोनदा देवदूताच्या पाया पडू पाहतो आणि दोन्ही वेळा देवदूत त्याला अडवतो : मी तुझ्यासारखाच दास आहे, देवाला नमन कर. कलस्सैकरांस पत्रात पौल देवदूतपूजेविरुद्ध इशारा देतो. गलतीकरांस तो याहून कडक भाषेत सांगतो की स्वर्गातल्या दूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती मानू नका. निरोप्या कितीही तेजस्वी असला, तरी निरोप पारखून घ्यायचा. ज्या संप्रदायावर भोळेपणाचा आरोप आपण सहज करतो, त्याच्या ग्रंथात ही सावधगिरी पहिल्या शतकातच नोंदलेली आहे.

गंधर्वांची उपमा येथेच कोसळते. गंधर्व गातात, विहार करतात, क्वचित शापही भोगतात. कोणाचा निरोप घेऊन कोणाच्या दारात उभे राहणे हा त्यांचा धर्म नव्हे. तुलनाच करायची तर आपल्या परंपरेत दूताचे भांडार आहे. लंकेत मुद्रिका घेऊन गेलेला मारुती आहे, रावणाच्या सभेतला अंगद आहे, कौरवांच्या दरबारातली कृष्णशिष्टाई आहे, अजामिळाच्या उशाशी यमदूतांशी वाद घालणारे विष्णुदूत आहेत. दूत अवध्य असतो, कारण तो स्वतःचे बोलत नाही, हे मराठी वाचकाला शिकवावे लागत नाही. अशोकवनातला मारुती गब्रीएलला समजून घ्यायला गंधर्वापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी आहे. फरकही तेथेच स्पष्ट दिसतो : मारुतीची आपण गावोगाव देवळे बांधली, गब्रीएल निरोप सांगतो आणि कथेतून निघून जातो. ल्यूकच्या शुभवर्तमानात मरीयेने होकार दिल्याबरोबर देवदूत तिच्यापासून निघून गेला, असे स्पष्ट लिहिले आहे. पुढची नऊ महिन्यांची लोकलज्जा, बेथलेहेमची वाट, इजिप्तला पलायन हे सारे माणसांनी भोगायचे आहे.

म्हणून देवदूताची मानवी जीवनातली भूमिका विचारली, तर ख्रिस्ती परंपरेचे पहिले उत्तर 'निरोप' हेच येते. आणि तो निरोप बहुधा घडी विस्कटणारा असतो. त्याच अध्यायात जखऱ्या हा वृद्ध याजक निरोपावर शंका घेतो आणि मुका होतो. मरीया प्रश्न विचारते, उत्तर ऐकते आणि होकार देते. कॅथलिक परंपरेत दिवसातून तीनदा घंटेबरोबर म्हटली जाणारी एंजलसची प्रार्थना हाच संवाद आठवते : दूताने निरोप दिला, तिने उत्तर दिले. स्मरण आहे ते उत्तराचे. माणसाने 'हो' म्हणावे की नाही, हे देवदूत ठरवत नाही.

मराठी वाङ्मयेतिहासात या रचनेचे एक उदाहरण आहे, आणि ते आगगाडीतले आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.  तो सहप्रवासी देवदूत होता असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. तो तिकीट काढून बसलेला मनुष्यच होता. पण या प्रसंगाची घडण नीट पाहा : अनोळखी माणूस येतो, निरोप देतो, निघून जातो, आणि मागे राहिलेल्यांचे घर उलटेपालटे होते. त्या निरोपाची किंमत लक्ष्मीबाईंनी भोगली. ताटातुटीची ती वर्षे 'स्मृतिचित्रे'त आहेत, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या वाटेने, स्वतःचे प्रश्न सोडवून. बायबलची ही निरोपाची व्याकरणपद्धती ठाऊक असलेला वाचक हा भाग वाचतो तेव्हा त्याला जे दिसते, ते 'गंधर्वांसारखे' या टिपेवर वाढलेल्या वाचकाला दिसणार नाही.

येथे आक्षेप येईल : मग राखणदार देवदूताचे काय? ख्रिस्ती माणसे देवदूत रक्षण करतो असे मानतात की नाही? मानतात. कॅथलिक चर्च २ ऑक्टोबरला राखणदार देवदूतांचा सण पाळते. तिची धर्मशिकवण प्रत्येक श्रद्धावंतापाशी जीवनाकडे नेणारा रक्षक व मेंढपाळ म्हणून एक देवदूत असल्याचे सांगते. लहान मुलांविषयी बोलताना येशू 'त्यांचे देवदूत' असा उल्लेख करतो, तो याचा आधार. प्रॉटेस्टंट परंपरा येथे हात आखडता घेते. कॅल्व्हिनने प्रत्येकाला एकेक देवदूत नेमलेला आहे असे ठामपणे म्हणायला नकार दिला, सारे स्वर्गीय सैन्यच आपल्या काळजीत आहे असे त्याचे म्हणणे. राफाएल हा प्रवासातला सोबती देवदूत तोबीतच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. भुसावळसारख्या दोन्ही परंपरांच्या गावात हा मतभेद पुस्तकातला राहत नाही. शेजारच्या दोन घरांत दोन वेगवेगळ्या प्रार्थना होऊ शकतात. 'ख्रिस्ती असे मानतात' या सरधोपट वाक्याने वर्गात हा भेदही पुसला जातो.

परंतु दोन्ही परंपरांत रक्षण म्हणजे विमा नव्हे. याचा पुरावा बायबलमध्येच आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला ठेच लागू देणार नाहीत, हे स्तोत्रसंहितेतले आश्वासन नव्या करारात कोणाच्या तोंडी येते? सैतानाच्या. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे तो येशूला सांगतो. आणि येशू उडी टाकत नाही. अटकेच्या रात्री, मागितले तर देवदूतांची बारा सैन्ये मिळतील असे तो म्हणतो आणि मागत नाही. गेथशेमानेत देवदूत येतो तो बळ द्यायला. प्याला दूर करायला नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात देवदूत पेत्राच्या साखळ्या गळवून त्याला तुरुंगाबाहेर काढतो. व्याख्याने याच प्रसंगावर होतात. पण त्याच अध्यायाच्या आरंभी हेरोदाने याकोबाला तलवारीने मारले आहे, आणि त्याच्यासाठी कोणी आले नाही. लेखकाने ही दोन वाक्ये शेजारी ठेवली आणि मध्ये स्पष्टीकरण घातले नाही. ज्या श्रद्धेने याकोबाचे मरण लपवले नाही, तिला गोड म्हणण्यापूर्वी टीकाकाराने तो अध्याय वाचलेला बरा.

आणि आता मथळ्यातला देवदूत. २२ जानेवारी २०२५ रोजी, भुसावळ विभागातच, पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसच्या डब्यात आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, माणसे शेजारच्या रुळांवर उतरली आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. किमान १२ जण गेले. आग नव्हतीच. खोटा निरोप माणसे मारतो, याचे इतके उघडे उदाहरण शोधून सापडणार नाही. अशा प्रसंगानंतर जो वाचला त्याला देवदूताने वाचवले असे म्हणण्याचा मोह आपल्या भाषेला लगेच होतो. म्हणताना एक क्षण थांबावे. मग जे गेले त्यांचा देवदूत कोठे होता? वाचलेल्याच्या कृतज्ञतेला कोणी हरकत घेऊ नये. त्याने देवाचे आभार मानावेत. परंतु बातमी लिहिणाऱ्याने, कथा लिहिणाऱ्याने, व्यासपीठावरून बोलणाऱ्याने तो शब्द उचलला की मृतांवर नकळत ठपका येतो आणि जिवंतांवरचा प्रश्न उठून जातो. डब्यातल्या माणसाला खरी माहिती कोणी, किती वेळात, कशी द्यायची होती? हा प्रश्न देवदूतांचा नाही.

मदतीला येणाऱ्याला देवदूत म्हणण्यातही हीच सोय दडलेली असते. जखमींना उचलणारा खेडूत शेजारधर्म पाळत असतो, रुग्णालयातला डॉक्टर आपले काम करत असतो. त्यांना देवदूत म्हटले की त्यांचा पगार, त्यांची साधने, त्यांची अपुरी संख्या यांविषयी बोलण्याची गरज उरत नाही. देवदूताला कोठे पगार लागतो? रेल्वेच्या गावाला हे अधिक कळावे. गाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवा-लाल बावटा घेऊन उभा असणाऱ्या माणसाला भुसावळने पिढ्यान्‌पिढ्या गार्ड म्हटले. २०२२ पासून कागदोपत्री त्याचे नाव ट्रेन मॅनेजर झाले. त्याने कोणाला चमत्काराने वाचवलेले नसते. योग्य वेळी योग्य खूण पुढे पोहोचवणे, इतकेच त्याचे काम. देवदूत शब्दाचा मूळ अर्थ 'जणू' लावलेल्या मथळ्यापेक्षा या माणसाच्या कामाशी अधिक जवळचा आहे.

शेवटचा आक्षेप देशीवादी मित्रांचा असेल : परक्या धर्मातली ही सूक्ष्म चर्चा मराठी समीक्षेने का करावी? परकी म्हणजे कोणाला? स्टीफन्सची ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीची नातलग आहे. मराठीतला नवा करार १८११ साली सेरामपूरहून मोडी लिपीत छापून निघाला; म्हणजे मराठीतल्या अगदी आरंभीच्या मुद्रित ग्रंथांत त्याची गणना होते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले आणि त्यासाठी शब्दाशब्दाशी झुंज घेतली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. हा प्रवाह देशी नसेल, तर देशी या शब्दाची व्याख्या जातधर्माच्या दाखल्यावर आली असे म्हणावे लागेल, आणि देशीवादाच्या प्रामाणिक अनुयायांना ते मान्य होणार नाही.

करायचे आहे ते फार नाही. ख्रिस्तपुराण अभ्यासक्रमात असेल तेथे भाषास्तुतीच्या ओव्यांसोबत गब्रीएलच्या आगमनाचे प्रकरण नेमावे. 'स्मृतिचित्रे' शिकवताना ल्यूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय विद्यार्थ्यांनी वाचलेला असावा. टीप द्यायचीच तर 'गंधर्वांसारखे' हे शब्द खोडून 'देवाचा निरोप्या, निर्मित जीव, पूज्य देवता नव्हे' एवढे लिहावे. आणि वर्गात एखादी मुलगी उठून म्हणाली की, सर, आमच्या घरी असे मानत नाहीत, तर तिला खाली बसवण्यापूर्वी घरी काय मानतात ते विचारावे. तिच्यापाशी आपल्या संदर्भग्रंथात नसलेला निरोप असण्याची शक्यता आहे.